बिनतारी शेजार

विद्यापीठाच्या कोणत्याही इमारतीच्या व्हरांड्यातून जाताना छताला चिकटवलेली, ताटलीएवढी पांढरी डबी आणि तिच्यावरचा मिणमिणता दिवा आता कोणाच्याही नजरेत भरत नाही. ॲक्सेस पॉइंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डबीची जागा मुक्रर करणारा अधिकारी संगणक विभागाचा असतो. त्याच्या हाती इमारतीचा नकाशा असतो, आणि ग्रंथालयाच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यालाही वायफाय पुरेसे मिळावे, या एका कसोटीवर त्याच्या कामाची परीक्षा होणार असते. ज्या भिंतीला भोके पाडून ती डबी टांगायची, त्या भिंतीच्या पलीकडे कोणते उपकरण मांडलेले आहे, ते किती क्षीण संकेत मोजते आणि त्याला कोणत्या लहरींचे वावडे आहे, हा प्रश्न त्याच्या छापील तक्त्यात कोठेच नसतो. आणि पलीकडच्या संशोधकालाही, ड्रिलचा आवाज कानी पडेपर्यंत, या तजविजीची वार्ता नसते. काही आठवड्यांनी त्याच्या आलेखात एक विचित्र थरथर उमटू लागते, आणि मग अर्थिंग तपासणे, वायरी बदलणे, शेजारच्या खोलीतील वातानुकूलन यंत्रावर संशय घेणे, अशा क्रमाने एक सबंध सत्र खर्ची पडते. या प्रकरणात लहरींचा अपराध थोडा आणि परस्परांशी न बोलणाऱ्या दोन खात्यांचा मोठा, असे माझे मत आहे. परंतु ते पटण्यासाठी ही डबी करते काय, ते आधी पाहिले पाहिजे.

वायफायने ज्या पट्ट्यात प्रथम बस्तान बसविले तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा संदेशवहनासाठी राखलेला नव्हताच. १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेने औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी जे काही पट्टे अलग काढले, त्यांत याची गणना होते. लहरींनी पदार्थ तापविणाऱ्या यंत्रांनी तेथे हवा तेवढा गोंगाट करावा आणि संदेशवहन करणाऱ्याने तेथे पाऊल टाकल्यास गोंगाटाची तक्रार करू नये, असा तो एकूण व्यवहार होता. १९८५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने याच बदनाम पट्ट्यात, आपला संकेत रुंद पसरून पाठविणाऱ्या बिनतारी उपकरणांना परवान्याशिवाय वावरण्याची मुभा दिली, १९९७ साली वायफायची पहिली मानकसंहिता निघाली, आणि भारत सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याच्या बंधनातून मोकळा केला. ज्या पट्ट्यांच्या मूळ सनदेत ‘वैज्ञानिक’ हा शब्द सन्मानाने लिहिलेला होता, त्यांच्याच नव्या रहिवाशांपासून आता वैज्ञानिकाला आपले उपकरण सांभाळावे लागते.

परवान्याची अट नाही याचा व्यावहारिक अर्थ असा की, डबी कोठे टांगली, किती टांगल्या, कोणी टांगल्या याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही. तिची शक्ती तशी माफक, साधारणपणे एकदशांश वॅट. परंतु तिच्या स्वभावात एक गोष्ट आहे जी सामान्य वापरणाऱ्याला ठाऊक नसते. रात्री दोन वाजता, इमारत कुलूपबंद असताना आणि एकही माणूस जवळपास नसतानाही ती गप्प राहत नाही. आपले नाव आणि आपल्या अटी यांची दवंडी ती दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, पिटत असते. या व्यवसायातली माणसे तिला बीकन म्हणतात. एकाच डबीतून कर्मचाऱ्यांचे एक, विद्यार्थ्यांचे एक, पाहुण्यांचे एक, परगावच्या विद्यापीठांतून आलेल्यांसाठी एड्युरोम नावाचे एक, अशी चार-पाच नेटवर्के देण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि प्रत्येक नावाची दवंडी निराळी पिटावी लागते. जुन्यापुराण्या यंत्रांनाही ती ऐकू यावी म्हणून ती सेकंदाला एक मेगाबिट या संथ गतीने पाठविली जात असेल, तर एकेकीला दोन-अडीच मिलिसेकंद लागतात. म्हणजे डब्या दोन आणि प्रत्येकीवर नावे पाच असली, तर कोणी एक अक्षरही पाठविले नसताना त्या खोलीच्या हवेतला पाव वेळ नुसत्या दवंडीत जातो.

आता या दवंडीचा प्रयोगशाळेशी संबंध कसा येतो, ते एका मेजापाशी उभे राहून पाहू. जर्मनीतील गटिंगन येथे एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली आणि १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणारी ‘पॅच क्लॅम्प’ ही पद्धत आज मज्जाविज्ञानाच्या असंख्य विभागांत वापरली जाते. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे टोक पेशीच्या आवरणावर टेकवून, त्या आवरणातील एकेका द्वारातून वाहणारा विद्युत्प्रवाह या पद्धतीने मोजतात, आणि तो प्रवाह काही पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या काही अब्जांशाचा हजारावा हिस्सा इतका असतो. नळीत चांदीची एक तार असते, आणि ती तार विवर्धकाच्या पहिल्या ट्रांझिस्टरला जोडलेली असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि तिच्या चतुर्थांश लांबीची, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपासची तार ही तिच्यासाठी उत्तम अँटेना होय. पेशीचे कुजबुजणे ऐकण्यासाठी घातलेली ती चांदीची तार आणि तिचा उघडा भाग नेमका याच मापाच्या जवळपास असतो.

यावर विवर्धक बनविणारा म्हणेल की, आमचे यंत्र काही हजार हर्ट्झपलीकडचे काही ऐकतच नाही, पुढे फिल्टर बसविलेला आहे, तेव्हा गिगाहर्ट्झची लहर त्यात शिरून करणार काय? युक्तिवाद सरळ आहे आणि तो चूक आहे. कोणताही ट्रांझिस्टर पूर्णपणे समप्रमाणात वागत नाही. त्याच्या टोकाशी अतिजलद लहर आली की तिच्या धन आणि ऋण अर्ध्यांना तो किंचित निरनिराळी वागणूक देतो, आणि त्या किंचित पक्षपातातून त्या लहरीच्या शक्तीच्या प्रमाणात एक खोटा स्थिर दाब निर्माण होतो. याला एकदिशीकरण म्हणतात. जुन्या गॅलेना स्फटिकाचे रेडिओ याच तत्त्वावर बोलत असत. लहर चालू-बंद होईल तसा हा खोटा दाबही चढतो-उतरतो, आणि डबीची लहर तर सेकंदाला जवळजवळ दहा वेळा चालू-बंद होत असते. म्हणजे फिल्टरपाशी पोचते ती गिगाहर्ट्झची लहर नसतेच. तिची सावली पोचते, आणि ती सावली दहा हर्ट्झची असल्यामुळे फिल्टर तिला पाहुण्याच्या मानाने आत घेतो. मेंदूच्या विद्युल्लहरींचा अभ्यास करणाऱ्यांनी तर येथे विशेष सावध असावे, कारण डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतील अल्फा लहर ८ ते १३ हर्ट्झच्या दरम्यान असते आणि दवंडीचा ९.७७ हर्ट्झचा ठेका बरोबर त्याच घरात पडतो.

या उपद्रवाचा छडा लागणे कठीण जाते, त्याचेही कारण त्या साडेबारा सेंटिमीटरांत आहे. लोखंडी कपाटे, पत्र्याचे मेज, खिडकीचे गज यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळून खोलीत ठिकठिकाणी दाट आणि विरळ असे पट्टे पडतात, आणि दाट पट्ट्यापासून विरळ पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरांवर असतो. संशोधक खुर्ची सरकवतो, कपाटाचे दार लावतो, आणि थरथर नाहीशी होते; तो मानतो की आपण नुकतीच घट्ट केलेली अर्थिंगची वायर कामास आली. दुसऱ्या दिवशी कोणी कपाट उघडे टाकले की ती पुन्हा हजर.

आकड्यांत सांगावयाचे तर एकदशांश वॅटच्या डबीपासून एक मीटरवर विद्युत्क्षेत्र सुमारे १.७ व्होल्ट प्रतिमीटर असते, आणि अंतर दुप्पट केले की ते निम्मे होते. खोटा दाब मात्र शक्तीच्या प्रमाणात असल्याने तो एकचतुर्थांशावर येतो. अनेक विद्युत् उपकरणांची सहनशक्ती ३ व्होल्ट प्रतिमीटरच्या क्षेत्रात तपासण्याचा मानकांचा रिवाज आहे. तेव्हा छतावरील डबीने तराजू, ऑसिलोस्कोप किंवा संगणक यांना बाधा होण्याचे भय सहसा बाळगू नये. प्रश्न उरतो तो पेशीच्या प्रवाहासारख्या नाजूक मोजणीचा. शिवाय हेही ध्यानात ठेवावे की, छतावरची डबी मेजापासून दोन-अडीच मीटर दूर असते आणि संशोधकाचा स्वतःचा मोबाइल त्याच्या अंगरख्याच्या खिशात, म्हणजे त्या चांदीच्या तारेपासून हातभर अंतरावर. डबीविरुद्ध तक्रारअर्ज लिहिण्यापूर्वी आपला खिसा रिकामा करून पाहणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

इतर शाखांतील उपकरणांचे स्वभाव निरनिराळे आहेत. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजणारी स्क्विड नावाची अतिसंवाहक उपकरणे रेडिओलहरींच्या माऱ्याने बधिर होतात. क्वांटम संगणकासाठी बनविलेले अतिसंवाहक क्यूबिट बहुधा ४ ते ६ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि वायफायचा दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे त्यांच्या उंबरठ्यावरचाच. निरपेक्ष शून्याच्या शतांश अंशावर थिजविलेल्या त्या कुपीत बाहेरची एखादी चुकार लहरही शिरू नये म्हणून केवढा तरी बंदोबस्त करावा लागतो. रसायनशास्त्र्यांच्या ४०० मेगाहर्ट्झच्या एनएमआर यंत्राला वायफाय फारसे जाचत नाही. ते यंत्र कार्बनचा संकेत सुमारे १०० मेगाहर्ट्झवर ऐकते, आणि तेथे त्याचा शेजारी म्हणजे शहरातील एफएम केंद्र.

उपद्रव ओळखायला तज्ज्ञांनाही किती काळ लागतो याचा दाखला ऑस्ट्रेलियाचा आहे, आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. न्यू साउथ वेल्समधील पार्क्स येथे सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेची ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९६१ सालापासून उभी आहे. २००१ साली तिने टिपलेल्या नोंदी पुढे चाळताना डंकन लॉरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मिलिसेकंदांचा एक प्रखर स्फोट आढळला, आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या कंप्रतेच्या लहरी आधी आणि खालच्या कंप्रतेच्या मागाहून पोचल्या होत्या. अवकाशात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमधून दूरचा प्रवास करून आलेल्या लहरींची चाल अशीच असते, म्हणून तो स्फोट आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडचा असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. परंतु त्याच दुर्बिणीच्या १९९८ पासूनच्या नोंदींत, जवळपास तशाच चालीचे पण दुर्बिणीच्या तेराही ग्राहकांत एकाच वेळी उमटणारे काही स्फोट दडलेले होते. आकाशातील एका बिंदूतून येणारी लहर तेराही ग्राहकांत सारखी उमटत नाही, तेव्हा हे स्फोट दुर्बिणीच्या आसपासचेच असणार हे उघड होते. २०११ साली सारा बर्क-स्पोलाओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एका काल्पनिक प्राण्यावरून त्यांना पेरिटॉन असे नाव दिले. ते कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत, त्यातही दुपारच्या जेवणाच्या सुमारास दाटीने येत. आकाशस्थ वस्तूला पार्क्सच्या जेवणाच्या सुटीचे वेळापत्रक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही गुन्हेगार कोण ते कळेना, आणि त्यामुळे लॉरिमर यांच्या मूळ स्फोटावरही संशयाची छाया पडली.

२०१४ च्या अखेरीस दुर्बिणीच्या आवारात उपद्रवी लहरींची सतत नोंद ठेवणारे एक यंत्र बसले, आणि जानेवारी २०१५ मध्ये एकाच आठवड्यात आलेल्या तीन पेरिटॉनांच्या वेळी त्या यंत्राने २.३ ते २.५ गिगाहर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे वायफायच्या आणि मायक्रोवेव्ह भट्टीच्या मुलखात, लहरींचा उमाळा टिपला. दुर्बीण स्वतः ऐकत होती १.४ गिगाहर्ट्झवर. स्विनबर्न विद्यापीठातील तेव्हाच्या संशोधक विद्यार्थिनी एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग आवारातील मायक्रोवेव्ह भट्ट्यांत पाणी तापवून पाहिले. भट्टी आपोआप बंद झाली तर काहीच घडेना. मात्र घाईच्या माणसाने वेळ संपण्यापूर्वीच दार उघडले आणि दुर्बिणीचे तोंड त्या बाजूस असले, तर विझता विझता भट्टीच्या मॅग्नेट्रॉनमधून निसटणाऱ्या लहरी हुबेहूब पेरिटॉन बनत. लॉरिमर यांचा स्फोट या आरोपातून निर्दोष सुटला, आणि तसे शेकडो स्फोट त्यानंतर जगभरच्या दुर्बिणींनी नोंदविले आहेत. रेडिओलहरी हाच ज्यांचा व्यवसाय त्यांना आपल्याच स्वयंपाकघरातला गुन्हेगार हाती लागायला पहिल्या नोंदीपासून १७ वर्षे गेली. जीवशास्त्राच्या विभागात, जेथे लहरी मोजण्याचे यंत्रच नसते, तेथे काय होत असेल याची कल्पना वाचकाने करावी.

ही सीएसआयआरओ संस्था आणखी एका कारणाने या लेखात येते. १९७० च्या दशकात जॉन ओसलिव्हन नावाचे ऑस्ट्रेलियन अभियंते, स्टीफन हॉकिंग यांनी वर्तविलेल्या लहान कृष्णविवरांच्या स्फोटांतून एखादी रेडिओ-ठिणगी मिळते का, हे शोधण्याच्या खटपटीत होते. ठिणगी मिळाली नाही. पुढे १९९० च्या सुमारास सीएसआयआरओमध्ये त्यांच्यापुढे निराळा प्रश्न आला: खोलीतल्या भिंतींवरून आणि सामानावरून आपटत, मागेपुढे पोचणाऱ्या लहरींची सरमिसळ होऊन बिनतारी संदेश पुसट होतो, तो स्वच्छ कसा करावा? अस्पष्ट संकेत निवडून काढण्याच्या ज्या गणिताचा सराव त्यांना आकाशाने करविला होता, ते गणित येथे कामी आले. ओसलिव्हन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांच्या या पद्धतीला १९९६ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले, ती वायफायच्या पुढील मानकांत शिरली, आणि पेटंटावरून झालेल्या दाव्यांच्या तडजोडीतून त्या संस्थेच्या तिजोरीत ४० कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमा झाले. रेडिओ-खगोलज्ञ आज ज्या डबीच्या नावाने बोटे मोडतात, तिच्या जन्मपत्रिकेत त्यांच्याच गोत्राचा उल्लेख आहे.

महाराष्ट्राचेही या संस्थेशी जुने नाते आहे. रेडिओ-खगोलज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये सिडनीला या संस्थेत शिकण्यासाठी गेले, आणि तेथील पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाच्या ३२ थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारताला देऊन टाकल्या. त्यांची रेडिओ दुर्बीण १९६५ साली उभी राहिली ती कल्याणला. ज्यांनी आजचे कल्याण पाहिले आहे त्यांना यातील गंमत निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच स्वरूपांच्या नेतृत्वाखाली पुढे जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तिचा कारभार पाहणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र मात्र पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारातच आहे. कान खोडदला आणि विचार करणारे डोके विद्यापीठात, अशी ही वाटणी त्या केंद्राला फार सोयीची पडते. सामान्य विभागाला ती सोय नसते, त्याचे कान आणि डोके एकाच मजल्यावर असतात.

खोडदच्या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट शिकण्याजोगी आहे. तेथील थाळ्या साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान ऐकतात, आणि वायफाय त्याच्या पुष्कळ वर आहे. तेव्हा वायफायपासून त्यांना धोका नाही, असे कागदावर दिसते. परंतु डबीतून निघते ते केवळ वायफाय नव्हे. तिच्यापर्यंत नेटवर्कची वायर येते, आणि त्या वायरीत माहिती १२५ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर वाहत असते. तो ठेका आणि त्याच्या पटी, २५०, ३७५, ५००, अशा सरळ दुर्बिणीच्या पट्ट्यात जाऊन पडतात. डबीला वीज पुरविणारा स्वस्त ॲडॉप्टर वीज तोडून-जोडून दाब बदलतो, आणि त्या तोडजोडीचा कचरा विस्तृत पट्ट्यात उडत राहतो. अँटेनातून अधिकृतपणे बाहेर पडणाऱ्या लहरींवर मानकांची नजर असते. वायरीच्या पृष्ठभागावरून चोरपावलांनी जाणाऱ्या या प्रवाहांकडे मांडणी करणाऱ्याचे सहसा लक्ष नसते. रेडिओ दुर्बिणीचे कान किती तिखट असतात हे समजण्यासाठी एक हिशेब पुरे. एकदशांश वॅटची आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात बोलणारी डबी चंद्रावर नेऊन ठेवली, तर पृथ्वीवर तिची तीव्रता सुमारे पाव जान्स्की भरेल, आणि आजच्या दुर्बिणी जान्स्कीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही मंद वस्तू नित्य पाहतात. ज्याच्या नावाने हे परिमाण चालते तो कार्ल जान्स्की हा बेल कंपनीचा अभियंता. समुद्रापारच्या दूरध्वनीतील खरखर कोठून येते याचा शोध घेण्याचे काम त्याला नेमून दिले होते, आणि तिच्यातील काही खरखर आकाशगंगेची आहे हे त्याने १९३३ साली जाहीर केले.

मग उपाय काय? पहिला विचार मनात येतो तो पिंजऱ्याचा. मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूने मढविलेल्या खोलीत बसून दाखविले की, बाहेरच्या विद्युत्क्षेत्राचा आत शिरकाव होत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर तांब्यात अवघी १.३ मायक्रोमीटर शिरते, म्हणून कागदासारखा पातळ पत्राही तिला पुरून उरतो. घात होतो तो फटीत. सहा सेंटिमीटर लांबीची फट, मग ती केसाएवढी अरुंद का असेना, या लहरीला दरवाजाच होय. म्हणूनच चांगल्या पिंजऱ्याच्या दाराला सर्व कडांनी तांब्याच्या स्प्रिंगदार पट्ट्या लावलेल्या असतात, आणि त्यांतल्या चार मोडल्या की लाखो रुपयांचा पिंजरा निकामी होतो. त्याहून वाईट म्हणजे पिंजऱ्यात इंटरनेट पाहिजे म्हणून कोणी भोक पाडून वायर आत ओढतो; ती वायर बाहेरच्या साऱ्या लहरी आपल्या अंगावरून आत आणून सोडते. ऑप्टिकल फायबर आत न्यावे, कारण काच विद्युत्प्रवाह वाहत नाही. येथे एक इशाराही देऊन ठेवतो: ५० हर्ट्झच्या विजेचे चुंबकीय क्षेत्र तांब्यात नऊ मिलिमीटर खोल शिरते, म्हणून वायफाय अडविणारा पिंजरा लिफ्टच्या मोटारीचा उपद्रव अडवील, या भरवशावर राहू नये.

दुसरा विचार सरसकट मज्जावाचा. अमेरिकेत ग्रीन बँक येथील दुर्बिणीभोवती १९५८ साली सुमारे १३,००० चौरस मैलांचा शांततापट्टा आखण्यात आला. तेथील दुर्बिणीजवळ डिझेलची वाहने वापरतात, कारण पेट्रोलच्या इंजिनातील ठिणगीसुद्धा रेडिओलहर सोडते. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या मुलखात हे साधले. विद्यापीठात मज्जावाचा हुकूम काढला तर काय होते? अधिकृत डबी काढली की विद्यार्थी बाजारातून आणलेला राउटर मेजाखाली लपवितात, किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतात. पूर्ण शक्तीने ओरडणारी ती उपकरणे संगणक विभागाच्या नकाशावर नसतात, आणि उपकरणाच्या दसपट जवळ असतात. माहीत असलेला उपद्रव घालवून माहीत नसलेला उपद्रव घरात घेण्याचा हा व्यवहार मला तरी शहाणपणाचा वाटत नाही.

याउलट, थोड्याशा तजविजीने पुष्कळ साधते. डबी प्रयोगशाळेच्या सामायिक भिंतीवरून हलवून व्हरांड्याच्या दूरच्या टोकाला न्यावी आणि तिची शक्ती कमी करावी; आतल्या मेजांना वायरीची जोडणी द्यावी; नेटवर्कची नावे दोन-तीनवर आणावी आणि संथ गतीची दवंडी बंद करावी; जेथे ५ गिगाहर्ट्झचे वावडे नाही तेथे २.४ गिगाहर्ट्झचा भाग मिटवून टाकावा, कारण ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्या मानाने कमी पार जाते. क्यूबिटवाल्यांना नेमके उलट हवे असेल. म्हणून एकच नियम साऱ्या इमारतीला लावू नये. आणि संशय आल्यास, संगणक विभागाने आपल्या जागी बसूनच एका रात्री ठरावीक वेळी त्या मजल्यावरच्या डब्या तासभर गप्प कराव्यात, संशोधकाने तेवढा वेळ नोंद घेत राहावे. डबी दोषी की निर्दोष याचा निकाल त्याच रात्री लागतो.

यांतले बहुतेक सारे संगणक विभागाच्या पडद्यावरून, शिडी न लावता, होण्यासारखे आहे. ते होत नाही कारण विचारणारा आणि सांगणारा यांची गाठ पडत नाही. तेव्हा माझी कुलसचिवांना आणि विभागप्रमुखांना अशी विनंती आहे की, नव्या डब्यांची निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सर्वांत नाजूक उपकरण कोणत्या खोलीत आहे, ते कोणत्या पट्ट्यात मोजते, आणि त्याचा मुखत्यार कोण. तो कागद नकाशाला जोडल्याशिवाय कंत्राटदाराला भिंतीला हात लावू देऊ नये. एवढ्यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.